पहिलं बाळंतपण माहेरी

अंगणवाडीत खिचडी वाढायची वेळ म्हणजे फोन न घ्यायची वेळ. एका हातात डाव असतो, दुसऱ्या हाताने कुणाची तरी चड्डी वर ओढायची असते. पण त्या दिवशी फोन लागोपाठ तीनदा वाजला, म्हणून घेतला. पलीकडे मामा होते. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, राहणार जामसंडे. उभं आयुष्य मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढलेलं, त्यामुळे फोनवरसुद्धा इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायची सवय.

"सूनबाय, आमचां चेडू गरवार आसा!"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. चेडू म्हणजे मुलगी, गरवार म्हणजे गरोदर, आणि मामांना मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो डोंबिवलीला.

"कुणाचं चेडू, मामा?"

"कोणाचां म्हंजे? तुमच्याच घरातलां!"

हे वाक्य माझ्या मदतनीस बाईंनीही ऐकलं आणि समोरच्या सतरा मुलांनीही. मदतनीस बाई माझ्याकडे अशा काही बघू लागल्या, की आता गावात काय काय पसरणार ते मला तिथेच दिसलं.

मग उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. त्याच सुमारास मामी गेल्या. दिवस-कार्य उरकल्यावर मामा आमच्याकडे शिरोड्याला आठवडाभर येऊन राहिले. फारसं बोलायचे नाहीत, अंगणात पिल्लांजवळ बसून असायचे. निघाले तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीतून एक काळं नाक बाहेर आलेलं होतं. तीच ही. आमच्या कुत्रीचं ऑपरेशन आम्ही नंतर लगेच करून घेतलं. मामांना सांगून सांगून थकलो. "बगूया, बगूया" करत त्यांनी दोन वर्षं घालवली.

"आता पयलां बाळंतपण म्हायेराक होता की नाय?" मामा म्हणाले. "मगे? आयतवारी हाडून सोडतंय." रविवारी आणून सोडणार, एवढं ठरवून त्यांनी फोन ठेवला.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई नारळ सोलत होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी शिरोड्याच्या बाजारात मासे विकले, गुडघ्यांनी दगा दिल्यावर बसल्या. कुत्र्यांबद्दल त्यांचं मत ठाम होतं. कुत्र्याला भात घालावा, अंगणात ठेवावं आणि नाव ठेवू नये. माणसांची नावं माणसांना पुरत नाहीत, म्हणायच्या. त्यामुळे आमच्या घरात कुत्रीला थोरली म्हणत. दुसरा होता तो कुत्रा, आपल्याच शेपटीला दचकणारा, म्हणून तो खुळो.

सासूबाईंनी भावाला परत फोन लावायला सांगितला.

"जावय कोण?" त्यांनी विचारलं.

"माका काय ठावूक! जामसंड्याचोच आसतलो."

"लाज नाय वाटत सांगूक?"

"माका कित्या लाज? मी काय केलंय?"

थोडं भांडण झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मुलगा वर्षभर मुंबईला बोलावत होता आणि मामा जात नव्हते, कारण कुत्रीला कुणाकडे ठेवायचं? आता मुलाने तारीख घेऊन ठेवली होती. "डोळो गेलो तर दुसरो आसा," मामा म्हणाले, "पण हिका खंय टाकू?"

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "येवक सांग तेका," म्हणाल्या, आणि नारळावर जरा जास्तच जोरात कोयता मारला.

मी काळजीत नव्हते. गरोदर बायांची यादी करणं, वजन घेणं, घरोघर जाऊन काय खा आणि काय उचलू नका ते सांगणं, हे माझं रोजचं काम. कुत्रीचं ते काय मोठं? आणि दुसरं म्हणजे, थोरली तिची सख्खी आई. आई-लेकीची दोन वर्षांनी भेट होणार! रविवारी सकाळी मी फोन पूर्ण चार्ज करून ठेवला, फोटो काढायला.

मामा ओळखीच्या टेम्पोतून उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दोरी, काखेत गोधडी, खांद्याच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे. दोरीच्या टोकाला बदामी रंगाची, पोट दोन्ही बाजूंनी गोल झालेली लेक. मामांनी सरळ कुंपणाचं बेडं, म्हणजे फाटक, उघडलं आणि तिला अंगणात आणलं. "चल गो बाये, आवशीक भेट."

थोरली ओटीवर झोपली होती. ती उठली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक क्षण इतकी शांतता झाली, की मी फोन वर केला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. दोन कुत्र्यांचा मिळून एक गोळा झाला आणि तो अंगणभर फिरू लागला. मामा छत्रीने कधी कुत्र्यांना तर कधी स्वतःच्याच पायाला मारत होते. सासूबाईंनी बसल्या जागेवरून सूप भिरकावलं. खुळो एका उडीत विहिरीच्या कठड्यावर चढला आणि तिथून रडू लागला. शेवटी माझ्या नवऱ्याने बादलीभर पाणी ओतलं तेव्हा गोळ्याच्या पुन्हा दोन कुत्र्या झाल्या. लेकीच्या कानाचं टोक फाटलं होतं. नवऱ्याची पँट गुडघ्यापासून खाली राहिली नव्हती. माझ्या फोनमध्ये एकच फोटो आला होता. त्यात हवेत उडालेली मामांची चप्पल होती.

"ही आवस?" मामा धापा टाकत म्हणाले. "ही आवस काय वैरीण?"

"आवस कशी वळखतली?" सासूबाई गरजल्या. "दोन वर्सात एकदा तरी भेटवक हाडलंस?"

मला मात्र स्वतःचीच लाज वाटली. कुठल्याही सासुरवाशिणीच्या घरी मी अशी न विचारता कधी शिरले नसते. घर थोरलीचं होतं. तिच्या घरात कुणी अनोळखी बाई पोट घेऊन आली होती, आणि आम्ही मात्र टाळ्या वाजवायला उभे. लेकीला मी पडवीत नेऊन दार लावून घेतलं. तिच्या कानाला हळद लावली, पोटावर हात ठेवला. ती थरथरत होती. थोड्या वेळाने माझ्या हाताखाली आत काहीतरी सरकलं.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या घाटावरच्या. अगदी शांतपणे, शुद्ध बोलीत सगळं सांगायच्या. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आधी दोघींना वेगळं ठेवा. जेवण वेगळं, पाणी वेगळं," त्या म्हणाल्या. "एकीचं कापड दुसरीच्या जागेत ठेवा, म्हणजे वासाची सवय होईल. आणि भेटवायचं ते घरात नाही. न्यूट्रल जागेवर भेटवा."

"न्यूट्रल?" सासूबाई कुजबुजल्या. "कुत्री आसा की मोटरगाडी?"

माझा नवरा वीज मंडळात लाईनमन आहे. इतका वेळ फाटक्या पँटीत मान खाली घालून बसलेला तो एकदम ताठ झाला. "न्यूट्रल माका सांगूक नको," म्हणाला. "फेज आणि फेज एकत्र हाडलो तर जाळ होतलोच. चूक आमचीच." त्या दिवसापासून या कामाचा तो प्रमुख झाला.

कापडांची अदलाबदल आम्ही त्याच संध्याकाळी केली. लेकीची गोधडी थोरलीच्या जागेवर ठेवली. थोरलीने ती हुंगली, दातांत धरून अंगणाच्या टोकाला माडाच्या आळ्यात नेली आणि मन लावून पुरली. थोरलीचं पोतं लेकीला दिलं, तर ती त्यावर जायलाच तयार होईना. ती रात्रभर लादीवर झोपली. खुळो तेवढा दोन्ही कापडांवर खूश होता.

तिसऱ्या दिवशी मामा मुंबईला निघाले. निघताना पडवीत जाऊन त्यांनी लेकीला बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. "मोतीबिंदूचा पाणी," असं कुणी न विचारताच म्हणाले.

आता न्यूट्रल जागा. आमच्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर, पण समोरचा किनारा थोरली आपल्याच सातबाऱ्यावरचा समजते. म्हणून आम्ही उत्तरेकडे, सुरूच्या झाडांच्या पलीकडे जायचं ठरवलं. नवऱ्याकडे थोरली, माझ्याकडे लेक. सासूबाई काठी टेकत हळूहळू मागून यायच्या आणि एका पालथ्या होडीवर बसून पंच व्हायच्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली रीत सोपी होती. दोघींना समांतर चालवायचं, मध्ये भरपूर अंतर, एकमेकींकडे बघू द्यायचं नाही, आणि रोज अंतर थोडं कमी करायचं.

पहिल्या दिवशी अंतर इतकं होतं, की मला नवरा बोटाएवढा दिसत होता. तो पाण्याच्या कडेने, मी सुरूच्या कडेने. दोघंही शवयात्रेला निघाल्यासारखे चालत होतो. तरीही थोरली मान वाकडी करकरून बघायची. खुळ्याला आम्ही मोकळा सोडला होता. तो मधल्या जागेत इकडून तिकडे धावून दोन्हीकडच्या बातम्या पोचवायचा.

दुसऱ्या दिवशी पर्यटकांचं एक कुटुंब थांबलं. "शूटिंग आहे का हो?" त्यातल्या बाईंनी सासूबाईंना विचारलं.

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "आवशी-चेडवाची भेट चल्ली हा." आणि तोंडाशी हात नेऊन ओरडल्या, "अगो, वायंच लांब! लांब चल!"

चौथ्या दिवसापर्यंत अंतर दहा पावलांवर आलं. गुरगुर होती, पण उडी नव्हती. नवऱ्याला वाटू लागलं, की वीज मंडळ सोडून हाच धंदा करावा. रोज घरी आल्यावर मामांचा फोन यायचा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आपलं कसं आहे हे ते सांगायचे नाहीत. "तिच्या कानाक लाव फोन," म्हणायचे. मी लावायची. ते पलीकडून लाडाने ओरडायचे, लेक फोन चाटायची, आणि मग दिवसभर माझ्या फोनला वास.

पाचव्या दिवशी वाऱ्याने घोटाळा केला. आम्ही आठ-दहा पावलांवरून छान चाललो होतो. अचानक दोघींची नाकं एकदमच वर झाली. पुढे वाळूत एक पाकट मासा मरून पडला होता, चांगला सुपाएवढा, दोन-तीन दिवसांचा. आम्हालाही वास येत होता, मग त्यांचं काय सांगावं! थोरलीने हिसडा दिला. लाईनमनच्या हातातून दोर सुटला. तो धरायला मी धावले, तर माझाही सुटला.

"गेलां! गेलां सगळां!" सासूबाई होडीवरून ओरडल्या.

मी डोळे मिटून घेतले. भुंकणं नाही, किंचाळणं नाही. डोळे उघडले तर थोरली त्या पाकटावर पाठ घासत चारी पाय वर करून लोळत होती. आणि तिच्या शेजारी, पोट सांभाळत, एका कुशीवर, लेकही लोळत होती. दोघींच्या तोंडावर असा काही आनंद, की बोलायची सोय नाही. मधेच थोरली उठली, लेकीला मानेपासून शेपटीपर्यंत हुंगलं. तिला काय वास येणार? स्वतःचाच. पाकटाचा. तिने शिंकल्यासारखं केलं आणि पुन्हा लोळायला लागली. उशिरा पोचलेला खुळो बिचारा जागा शोधत राहिला.

डॉक्टरीणबाईंच्या कापडांनी जे साधलं नव्हतं, ते एका कुजक्या माशाने केलं. नवरा मात्र थोडा हिरमुसला. त्याच्या हिशेबाप्रमाणे हे नवव्या दिवशी व्हायला हवं होतं.

पण हे दोन वास घरी न्यायचे कसे? सासूबाई आयुष्यभर माशांत बसलेल्या, त्यांनीही पदर नाकाला लावला. थोरलीला आणि खुळ्याला नवऱ्याने विहिरीवर साबणाने घासलं. गरवार बाईला थंड पाणी नको म्हणून लेकीला मी न्हाणीत नेलं. आमची न्हाणी घराच्या मागे, वेगळी. कोपऱ्यात चूल, तिच्यावर पाणी तापवायचं तांब्याचं भाणं. सकाळचं पाणी अजून गरम होतं. चुलीतली राख ऊबदार होती. मी तिला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याने पुसलं. ती राखेजवळ अंग टाकून बसली आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, बसू दे जरा.

त्या दिवसानंतर दोघी एका अंगणात राहू लागल्या. गळ्यात गळे पडले असं नाही. थोरलीने फक्त नियम घातले. ओटी तिची. जेवणाचा पहिला वाडगा तिचा. सकाळी बेड्यावर जाऊन भुंकायचा मान तिचा. लेकीने हे सगळं मान्य केलं, तेव्हा थोरलीने तिला दुपारी चिंचेच्या सावलीचा एक तुकडा दिला. मी खूप घरं बघितली आहेत. याहून वाईट तह मी माणसांतही पाहिले.

दरम्यान मी पडवीत बाळंतपणाची जागा तयार केली. चारी बाजूंनी फळ्या, तळाला पोती, वर धुतलेल्या साड्या, उजेड कमी, वारा बेताचा. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आल्या असत्या तरी शेरा चांगला मिळाला असता. लेक आत गेली, चारी कोपरे हुंगले, मधोमध बसली आणि मुतून बाहेर आली.

"तिका पसंत नाय," सासूबाई म्हणाल्या. "तुजा काय चुकला नाय. पण तिका पसंत नाय."

एव्हाना सासूबाई तिच्यासाठी रोज उकड्या तांदळाची पेज करू लागल्या होत्या. नवऱ्याला बाजारात पाठवून मोरी मासा आणायच्या. मोरीत काटा नसतो, आणि आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, दूध चांगलं येतं म्हणून. आमच्यासाठी बांगडे, तिच्यासाठी मोरी. नवरा एकदा म्हणाला, "आये, माका पण वायंच घाल." तर त्याला उत्तर मिळालं, "तू बाळंत जातलंस तेव्हा घालतंय."

पुढे एका रविवारी नवऱ्याला नांदगावला जायचं होतं, सोबत काम करणाऱ्या माणसाच्या मुलाचं बारसं होतं. सकाळी नऊला तो पंचा लावून, साबण घेऊन न्हाणीत गेला आणि तसाच उलट्या पावली बाहेर आला.

"भितर कोण तरी आसा," म्हणाला.

"कोण?"

"बाळंतीण."

लेक चुलीजवळच्या राखेत पडली होती. तिच्या पोटाशी एक ओला, काळा गोळा हलत होता. तिने एकदा लाजरी नजर माझ्याकडे टाकली, आणि मग माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिला काम होतं.

मी इतक्या बायांना उपदेश केला, पण स्वतः कधी बाळंतपणात हात घातला नव्हता. थोरलीला ओटीवर बांधलं, खुळ्याला बांधायची गरजच नव्हती, तो खाटेखाली गेला होता. डॉक्टरीणबाईंना फोन केला. "हात लावू नका, बघत राहा," त्या म्हणाल्या. अकरा वाजेपर्यंत चार पिल्लं झाली. लेक एकेकाला चाटून कोरडं करत होती. पाचवं आलं ते मात्र हललं नाही. लेक दमली होती. तिने एकदा चाटलं आणि डोकं खाली ठेवलं.

मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन लावला. "तोंड-नाक पुसा. कोरड्या कपड्याने चोळा, जोरात. घाबरू नका." मी फोन खाली ठेवून कोरडं कापड शोधू लागले. तेवढ्यात सासूबाई आल्या. न्हाणीची पायरी त्या एरवी कुणाच्या तरी आधाराशिवाय उतरत नाहीत. त्या दिवशी उतरल्या, खाली बसल्या, पिल्लू पदरात घेतलं, बोटाने त्याचं तोंड साफ केलं आणि मासा घासावा तसं त्याला चोळायला लागल्या.

"उठ रे. उठ मेल्या. इतक्या लांबसून इलंस, आता कित्या थांबतंस? उठ."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांच्या पदरातून एक बारीक आवाज आला, दार करकरावं तसा. सासूबाईंनी ते लेकीच्या पोटाला लावलं. ते ओढायला लागलं. नवरा अजून पंच्यावरच दारात उभा होता. त्याने नाक ओढलं आणि धुराला दोष दिला. त्या दिवशी चूल पेटलीच नव्हती.

बारशाला तो विहिरीवर गार पाण्याने अंघोळ करून, दोन तास उशिरा गेला. आणि मग पुढचे दोन महिने आम्ही सगळेच मागीलदारी माडाच्या झापांचा आडोसा करून अंघोळी केल्या. थंडीचे दिवस. पाणी बाहेर तीन दगडांवर तापवायचं. नवरा रोज कुडकुडत म्हणायचा, की ज्या घरात वीज आणणारा माणूस आहे त्या घरात गिझर नाही, आणि न्हाणी आहे ती कुत्र्यांची. सासूबाई म्हणायच्या, "बाळंतीण उठासर न्हाणी तिचीच." आठवड्याला त्या आपला माशांचा तराजू काढायच्या आणि एकेक पिल्लू पारड्यात घालायच्या. पहिल्या दिवशी एकेक दोन बांगड्यांच्या वजनाचं होतं. महिन्याभरात चांगल्या सुरमईएवढी झाली. मी वहीत लिहून ठेवायची. सवय.

थोरली काय करेल याची मला धास्ती होती. बारा दिवस तिला न्हाणीकडे फिरकू दिलं नाही. मग एकदा ती आपणच दारात जाऊन उभी राहिली. आतून लेकीने बारीक गुरगुर केली. आणि थोरली, जिने तिचा कान फाडला होता, ती दोन पावलं मागे सरली आणि वळून निघून आली. प्रत्येकाची ओटी कुठली ते तिला समजतं. पिल्लं अंगणात येऊ लागल्यावर त्यातलं एक तिच्या शेपटीला लोंबकळलं. तिने त्याला नाकाने उलटं पाडलं आणि तोंडाने दाबून धरलं. मी किंचाळले. पण पिल्लू उठलं, अंग झाडलं, आणि थेट खुळ्याच्या शेपटीकडे गेलं. खुळ्याला पाच पिल्लांनी महिनाभर ओरबाडलं. तो रोज पळून जायचा आणि रोज त्यांच्या जेवणाच्या वेळेला परत यायचा. तेवढ्याच वेळात त्यांची तोंडं दुसरीकडे गुंतलेली असायची.

मामा आले तेव्हा पिल्लं सहा आठवड्यांची होती. मामांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, नवीन शर्ट, अंगाला दवाखान्याचा वास. बेडं ढकलून आत आले ते हात पसरूनच. लेक पिल्लांपुढे उभी राहिली आणि दात दाखवून त्यांच्यावर धावून गेली.

मामा जागच्या जागी खिळले. त्यांचे पसरलेले हात तसेच राहिले. त्यांचं तोंड मला बघवेना.

"चष्मो काढ, मेल्या!" सासूबाई ओरडल्या.

"डाक्टरान काढू नको सांगल्यान."

"मगे आवाज तरी काढ!"

मामांनी घसा खाकरला. शेवटी फोनवर ओरडायचे तसंच ओरडले, "गो बाये! मी आसंय गो!"

लेकीचे कान आधी वर झाले, मग मागे पडले. ती तशीच जमिनीशी घसपटत त्यांच्या पायांपर्यंत गेली आणि इतकी रडली, की थोरलीसुद्धा ओटीवरून उठून काय झालं ते बघायला आली. मामा मातीत बसले. काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. या वेळी कारण कुणी सांगितलं नाही.

पुढचे दोन आठवडे ते आमच्याकडेच राहिले. त्यांना आता स्वच्छ दिसत होतं, आणि ते दिसेल त्यावर बोलत होते. बहिणीच्या कपाळावरच्या सुरकुत्या, आमच्या भिंतीला गेलेला तडा, माझ्या चहात तरंगणारी साय. बहीण-भाऊ रोज भांडायचे आणि रोज एकाच पाटीतले मासे निवडायला बसायचे.

पिल्लं मोठी झाली तशी घरं शोधली. एक माझ्या मदतनीस बाईंनी नेलं, बहुधा सुरुवातीच्या गैरसमजाचं प्रायश्चित्त म्हणून. एक नांदगावला त्या बारशाच्या घरी गेलं, एक किनाऱ्यावरच्या खानावळीत, एक डॉक्टरीणबाईंनी स्वतःच ठेवून घेतलं. पाचवं, ते उशिरा रडलेलं, मामांनी निवडलं. आमच्याकडे एकही नको असं सासूबाईंनी आधीच जाहीर केलं होतं. लेकीचं ऑपरेशन केलंच पाहिजे, अशी शपथ मात्र त्यांनी भावाला आपल्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावली. मामांनी ती पाळली. तिच्या पोटावरच्या टाक्यांचा फोटोही त्यांनी आम्हाला पाठवला आहे.

मामा, लेक आणि पिल्लू यांना घेऊन टेम्पो गेला त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, थोरलीला चुकल्यासारखं होईल. ती दोनदा जेवली आणि चिंचेच्या पूर्ण सावलीत आडवी झाली. नवऱ्याने फिनेल टाकून न्हाणी धुतली आणि सगळं भाणं रिकामं होईपर्यंत कढत पाण्याने अंघोळ केली, गाणं म्हणत.

सासूबाईंनी मात्र रोजच्या सवयीने मोठं पातेलंभर पेज शिजवून ठेवली होती. मी झाकण उघडून बघितलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"अशी काय बघतंस?" त्या म्हणाल्या. "आमी जेवूया. फुकट कित्या घालवची?"

मग आम्ही तिघं मागीलदारी बसून पेज जेवलो, सोबत खारातली कैरी. पेजेत मीठ नव्हतं, कारण ती कुत्रीसाठी केलेली. नवऱ्याने पहिला घोट घेतल्याबरोबर तोंड वाकडं केलं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मुकाट्याने दुसरा घोट घेतला, आणि मग वाडगा पुढे करून आणखी मागितली.